उधारीचे पोते सव्वा हात रिते



मागच्या अंकात हरभऱ्यावरच्या घाटेअळीविषयी लिहिले होते. या अंकात गव्हाच्या पाण्याच्या पाळ्या सांगणार होतो. पण मध्येच एका भगिनीचे पत्र हाती पडले आणि गव्हाला आठवडाभर थांबवावे लागले. ज्यांचा गहू एकवीस दिवसांचा झाला असेल त्यांनी मात्र माझी वाट न पाहता पाणी द्यावे. मुकुटमुळे फुटण्याची ती वेळ आहे, ती चुकवू नये.

आता पत्राविषयी. ताई लिहितात की त्यांचा थोरला मुलगा बारावी होऊन पोलीस भरतीची तयारी करतो आहे. पहाटे साडेचारला उठून सडकेवर धावतो. दिवसा वडिलांबरोबर उसात राबतो. रात्री वीज येईल तेव्हा दारे धरायलाही तोच जातो. त्याने तालुक्याच्या गावाहून व्यायामाच्या पावडरीचा डबा आणला आहे. पहाटे एक माप पाण्यात घालून पितो, त्यावर वीस रुपयांची एनर्जी ड्रिंकची बाटली. संध्याकाळी पाण्यावर जाताना दुसरी बाटली. गेल्या महिन्यात धावून आला आणि अंगणातच मटकन खाली बसला. छाती धडधडत होती, हात थरथरत होते, अंग घामाने निथळत होते. ग्रामीण रुग्णालयात नेले. डॉक्टरांनी हृदयाचा आलेख काढण्याआधीच विचारले, "काय प्यायला होतास?" संध्याकाळपर्यंत बरे वाटले, घरी सोडले. भरती दोन महिन्यांवर आली आहे. मुलगा बाटली सोडायला तयार नाही आणि आईचा जीव थाऱ्यावर नाही. शेवटी त्या विचारतात, "हे औषध आहे की विष? आणि धाकटी तिसरीत आहे, ती भावाच्या बाटलीतले उरलेले पिते. तिला चालेल का?"

ताई, एका शब्दात उत्तर देता आले असते तर पोस्टकार्ड टाकले असते. मी डॉक्टर नाही, माझे शिक्षण शेतीचे. पण मात्रा मोजणे, लेबल वाचणे आणि कशाने पीक वाढते व कशाने नुसते हिरवे दिसते हे ओळखणे, यात माझी नोकरी गेली. हा विषयही त्याच जातीचा आहे.

झाडाने स्वतःसाठी केलेली फवारणी

या बाटलीतला आणि डब्यातला मुख्य कर्ता म्हणजे कॅफिन. ते नवे नाही. आपल्या चहात ते आहे, कॉफीत आहे, आफ्रिकेतल्या कोला नावाच्या फळात आहे, ब्राझीलमधल्या गुआराना नावाच्या वेलीच्या बियांत तर कॉफीपेक्षा जास्त आहे. १८१९ च्या सुमारास रुंगे नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने कॉफीच्या बियांतून ते वेगळे काढले. त्या बिया त्याला दिल्या होत्या थोर जर्मन कवी गटे यांनी.

झाड हे कॅफिन कशासाठी बनवते? आपल्याला पहाटे उठवण्यासाठी नक्कीच नाही. ते झाडाचे स्वतःचे कीडनाशक आहे. कोवळ्या पानाला आणि बीला किडीने तोंड लावू नये म्हणून झाड ते साठवते. २००२ मध्ये हवाई बेटांवरच्या संशोधकांनी दाखवले की एक ते दोन टक्के कॅफिनच्या द्रावणाने गोगलगायी मरतात. (हे वाचून कोणी सोयाबीनवर कॉफी फवारू नये, माझा मुद्दा तो नाही.) गंमत अशी की कॉफीच्या आणि लिंबूवर्गीय झाडांच्या फुलांतल्या मधुरसातही कॅफिन असते, पण अगदी थोडे. तेवढ्याने मधमाशीला त्या फुलाचा वास जास्त काळ लक्षात राहतो आणि ती पुन्हा तिथेच येते, असे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले.

म्हणजे पाहा, तीच वस्तू थोडी असली तर मधमाशीला हुशारी देते आणि जास्त झाली तर गोगलगाय मारते. औषध की विष, हा प्रश्न वस्तूचा नसून मात्रेचा आहे. फवारणी करणाऱ्या माणसाला हे वेगळे सांगायला नको.

तरतरी येते कुठून?

आपण जसजसे काम करतो, जागतो, तसतसा मेंदूत ॲडेनोसिन नावाचा पदार्थ साठत जातो. तो मेंदूतल्या ठरावीक जागांवर जाऊन बसला की आपल्याला थकवा जाणवतो, जांभया येतात. शरीर सांगत असते, बाबा, आता पुरे. कॅफिनचा आकार या पदार्थाशी मिळताजुळता. ते आधी जाऊन त्या जागा अडवते. थकवा तिथेच असतो, फक्त त्याचा निरोप पोहोचत नाही.

विहिरीवरच्या मोटारीचे उदाहरण घ्या. मोटारीवर भार जास्त झाला की स्टार्टर पडतो. काही शहाणे स्टार्टरचे बटण दोरीने बांधून ठेवतात. मोटार चालू राहते, पाणी पडत राहते, मालक खूश. पण आत वाइंडिंग तापतच असते. कॅफिन म्हणजे ती दोरी. वेळप्रसंगी एखादा तास बांधली तर निभावते. रोज बांधून ठेवली तर एक दिवस मोटार जळाल्याचा वास येतो.

आता 'एनर्जी' या शब्दाविषयी. शरीराला काम करण्याची ताकद अन्नातून मिळते: भाकरीतून, गुळातून, डाळीतून. कॅफिनमध्ये तशी ताकद शून्य. बाटलीत जी काही खरी ताकद असते ती साखरेची. लेबलवर १०० मिलिलिटरमागे ११ ग्रॅम साखर लिहिली असेल तर २५० मिलिलिटरच्या बाटलीत सत्तावीस ग्रॅमच्या वर साखर झाली, म्हणजे पाच-सहा चमचे. तेवढ्या पैशात किती गूळ-शेंगदाणे येतील याचा हिशेब घरच्या लक्ष्मीला विचारा. टॉरिन या नावाचाही बराच बोलबाला असतो. १८२७ मध्ये तो पदार्थ प्रथम बैलाच्या पित्तातून काढला म्हणून त्याला बैलाच्या लॅटिन नावावरून नाव पडले. आता तो कारखान्यात बनतो. बैलाचे नाव आहे म्हणून बैलाची ताकद येत नाही.

चाबूक मारला की बैल पळतो. पण चाबूक म्हणजे चारा नव्हे. कॅफिन हा चाबूक आहे. आणि ही तरतरी उद्याच्या खात्यातून उचललेली असते. आपल्याकडे म्हणतात ना, उधारीचे पोते सव्वा हात रिते. आज मिळते त्यापेक्षा उद्या जास्त फेडावे लागते, आणि फेडायचे चलन एकच, झोप.

हिशेब मांडून पाहू

युरोपच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१५ मध्ये सर्व अभ्यास तपासून असे ठरवले, की निरोगी मोठ्या माणसाला दिवसभरात ४०० मिलिग्रॅमपर्यंत आणि एका वेळी २०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफिनने सहसा अपाय होत नाही. गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रीसाठी दिवसाची मर्यादा २०० मिलिग्रॅम. ही वरची मर्यादा आहे. एवढे घेतलेच पाहिजे असा त्याचा अर्थ नाही.

आपल्या देशात अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या नियमाप्रमाणे अशा पेयात एका लिटरमागे १४५ ते ३०० मिलिग्रॅम कॅफिन असते. म्हणजे २५० मिलिलिटरच्या बाटलीत जास्तीत जास्त ७५. टपरीवरच्या छोट्या कपातल्या चहात साधारण २० ते ४०. व्यायामाआधी घ्यायच्या अनेक पावडरींत एका मापात १५० ते ३००.

आता ताईंच्या मुलाचा दिवस लिहू. पहाटेचे एक माप २०० धरू. त्यावर बाटली ७५. झाले २७५, तेही अर्ध्या तासात आणि उपाशी पोटी. एका वेळची मर्यादा पहाटे पाचलाच ओलांडली. दिवसभरात चार कप चहा, १२०. संध्याकाळची बाटली ७५. बेरीज ४७०. पोराला वाटते आपण दोनच बाटल्या पितो. त्याचे चुकत नाही, त्याने फक्त डबा आणि चहा हिशेबात धरला नाही. युरिया टाकल्यावर पुन्हा मिश्रखत टाकले आणि त्यातला नत्र मोजायचा राहिला, तसाच हा प्रकार.

आणखी एक गोष्ट. पोटात गेलेल्या कॅफिनपैकी निम्मे शरीराबाहेर पडायला सरासरी पाच तास लागतात. काहींना कमी, काहींना बरेच जास्त. म्हणजे संध्याकाळी सहाची बाटली रात्री अकरालाही निम्मी शिल्लक. २०१३ मधील एका प्रयोगात झोपण्याच्या सहा तास आधी ४०० मिलिग्रॅम घेतलेल्यांची झोप तासाभराहून अधिक कमी झाली. झोप कमी झाली की सकाळी जड वाटते, जड वाटले की पुन्हा बाटली. हे चाक एकदा फिरू लागले की थांबवणे अवघड.

डब्यातली पावडर: इथे शून्याची चूक महागात पडते

बाटलीत निदान पाणी असते. पोट भरले की माणूस थांबतो. पावडरीत आणि गोळीत ती अडकाठी नाही. २०१५ मध्ये इंग्लंडमधल्या एका विद्यापीठात व्यायामावर कॅफिनचा परिणाम पाहण्याचा प्रयोग चालू होता. दोन तरुण विद्यार्थ्यांना प्रत्येकी ०.३ ग्रॅम द्यायचे होते. मोबाइलवर हिशेब करताना दशांश चिन्ह चुकले आणि दिले गेले ३० ग्रॅम, म्हणजे शंभर पट. दोघेही अतिदक्षता विभागात गेले, रक्त शुद्ध करणाऱ्या यंत्रावर ठेवावे लागले. सुदैवाने वाचले. विद्यापीठाला २०१७ मध्ये चार लाख पौंड दंड झाला. शिकल्यासवरलेल्यांच्या प्रयोगशाळेत हे घडते, तर आपल्या घरात चमच्याने मोजताना काय होईल?

अमेरिकेत शुद्ध कॅफिन पावडरीने दोन तरुण दगावल्यावर २०१४ मध्ये तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने जाहीर इशारा दिला. त्यांच्या हिशेबाने एक चमचा शुद्ध पावडर म्हणजे सुमारे २८ कप कॉफी. म्हणून सुटी, पुडीत बांधून दिलेली, लेबल नसलेली पावडर घरात आणू नका, मग ती तालमीतल्या कितीही भल्या माणसाने दिलेली असो. डबा घेतलाच असेल तर त्यावर चौदा आकडी अन्न परवाना क्रमांक आहे का आणि एका मापात कॅफिन किती मिलिग्रॅम हे लिहिले आहे का ते पाहा. गुआराना किंवा ग्रीन टीचा अर्क लिहिला असेल तर तेही कॅफिनच, वेगळ्या सदऱ्यातले. डोकेदुखीच्या काही गोळ्यांतही कॅफिन असते, तेही बेरजेत धरा.

भरतीच्या मुलाने काय करावे?

खरे ते सांगितले पाहिजे. कॅफिनने धावण्याच्या दमात थोडा फायदा होतो, हे प्रयोगांत दिसले आहे. खेळातील उत्तेजकांवर देखरेख ठेवणाऱ्या जागतिक संस्थेने ते २००४ पासून बंदीच्या यादीतून काढलेही आहे. तेव्हा "काहीच होत नाही" असे सांगून मुलाला गप्प करू नका. तो स्वतः अनुभव घेतो आहे आणि मग तुमच्या खऱ्या गोष्टीवरही विश्वास ठेवणार नाही.

त्याला एवढेच विचारा. सोळाशे मीटर कशाने पळणार, पायांनी की बाटलीने? स्नायू धावताना बांधले जात नाहीत. ते बांधले जातात धावून आल्यावर, अन्नाने आणि झोपेने. जो झोप विकून तरतरी घेतो तो दोन महिन्यांची मेहनत रोज रात्री वाहून घालवतो. शिवाय रोज घेतले की अंगाला सवय होते आणि तोच परिणाम मिळायला जास्त लागते. आणि एकदा छाती धडधडून रुग्णालयात गेलेल्या मुलाने मैदानावर कॅफिन घेऊन उतरणे म्हणजे पडझड झालेल्या बांधावर पाण्याचा लोंढा सोडणे. काही जणांच्या हृदयात जन्मापासून दोष असतो आणि तो एरवी कळत नाही. म्हणून ताई, भरतीआधी त्याला पुन्हा डॉक्टरांकडे न्या, डबा आणि बाटली सोबत न्या, आणि आलेखाचा कागद जपून ठेवा.

पहाटे धावण्याआधी एक केळे किंवा गूळ-शेंगदाणे आणि पाणी. धावून आल्यावर भिजवलेले हरभरे, दूध, अंडे चालत असेल तर अंडे, आणि पोटभर भाकरी. जुन्या पैलवानांचा खुराक काही वेगळा नव्हता. वडिलांनाही माझी विनंती आहे. परीक्षेपर्यंतचे हे दोन महिने रात्रीच्या पाण्याच्या पाळीतून मुलाला मोकळे करा. भावकीत, शेजाऱ्यात पाळी वाटून घ्या. आठवड्यातून तीन रात्री जागून पहाटे धावणाऱ्या पोराला बाटली का लागते, हा प्रश्न त्याच्याआधी आपल्याला पडायला हवा.

धाकटीचे काय?

तिला एक घोटही नको. लहानांसाठी युरोपच्या त्याच संस्थेने वजनाच्या दर किलोमागे ३ मिलिग्रॅम ही सीमा सांगितली आहे. तिसरीतली पोर पंचवीस किलोची धरली तर एका बाटलीत तिची दिवसाची सीमा संपली. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०११ मध्येच सांगितले, की मुलांच्या आहारात अशा पेयांना जागा नाही. आपल्याकडेही बाटलीवर छापलेले असते की मुलांनी, गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी आणि कॅफिन न सोसणाऱ्यांनी हे घेऊ नये, आणि मोठ्यांनीही दिवसाला ५०० मिलिलिटरच्या वर जाऊ नये. अक्षरे मुंगीएवढी असतात, पण असतात. महाराष्ट्रात जुलै २०२४ मध्ये शाळेपासून ५०० मीटरच्या आत जास्त कॅफिनच्या पेयांची विक्री बंद करण्याची घोषणा विधान परिषदेत झाली. घोषणा टपरीपर्यंत पोहोचायला वेळ लागतो. शाळा व्यवस्थापन समितीने दुकानदाराला चार गोड शब्दांत सांगितले तर लवकर पोहोचेल. तो आपल्याच गावचा असतो आणि त्याचीही पोरे त्याच शाळेत असतात.

घरातल्या गरोदर लेकी-सुनांनी बाटलीला हात लावू नये आणि चहाही बेताने घ्यावा. त्यांच्या शरीरातून कॅफिन फार सावकाश बाहेर पडते आणि ते पोटातल्या बाळापर्यंत जाते. जेवणाबरोबर चहा तर कोणीच घेऊ नये. त्यातल्या तुरट द्रव्यांमुळे अन्नातले लोह अंगी लागत नाही.

रात्रीचे पाणी आणि उसाची ट्रॉली

या पेयांचा प्रसारच मुळी राबणाऱ्या माणसांमुळे झाला. जपानमध्ये १९६२ पासून छोट्या बाटलीतले असे टॉनिक मिळू लागले. थायलंडमध्ये १९७० च्या दशकात ट्रकचालक आणि मजूर ते पिऊ लागले. तिथूनच ती कल्पना ऑस्ट्रियात गेली आणि १९८७ पासून डब्यात भरून जगभर पसरली. तेव्हा आपला ट्रॅक्टरवाला रात्री टपरीवर बाटली फोडतो यात नवल नाही. पण बाटलीने डोळे उघडे राहतात, भान राहतेच असे नाही. झोप अनावर झाली की ट्रॅक्टर कडेला घ्या, मागचे दिवे व परावर्तक दिसतील असे पाहा आणि वीस मिनिटे डोळे मिटा. कारखान्यावरचा नंबर मागे गेला तर उद्या लागेल. दारे धरायला जाण्याआधी संध्याकाळी तासभर पडून घ्या. एकट्याने जाऊ नका. दारूत मिसळून तर हे कधीच पिऊ नका. नशा चढलेली असते आणि माणसाला वाटते आपण शुद्धीत आहोत.

उन्हात घाम गाळल्यावरही ही बाटली उपयोगाची नाही. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, किंवा मीठ घातलेले ताक, यासारखे दुसरे काही नाही.

सोडायचे कसे?

एकदम सोडले की डोके ठणकते, चिडचिड होते, हे चार-आठ दिवस चालते. म्हणून आधी संध्याकाळची बाटली बंद करा, चार दिवसांनी डब्याचे माप निम्मे, मग बंद, शेवटी सकाळची बाटली. दहा-बारा दिवसांत सुटते. दुपारी तीननंतर चहाही नको.

छातीत दुखणे, धडधड न थांबणे, सारख्या उलट्या, चक्कर येऊन पडणे, झटके, यातले काही दिसले तर लिंबू-ताकाचे उपाय करत बसू नका. १०८ ला फोन करा आणि फवारणीच्या विषबाधेत नेतो तसाच डबा सोबत न्या.

ताई, तुमचा मुलगा वाईट मार्गाला लागलेला नाही. घरासाठी राबतो आहे, वर्दीसाठी धावतो आहे आणि दोन्हीला पुरून उरायला त्याला काहीतरी हवे होते. बाटली हिसकावून घेऊ नका. हा अंक त्याच्या हाती द्या, पेन्सिल द्या आणि त्याच्या दिवसाची बेरीज त्यालाच करू द्या. निकालाचे पत्र मला जरूर लिहा.

पुढच्या अंकात गव्हाच्या उरलेल्या पाळ्या.